जुन्या मोटारीचे नवे धनी
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी संतवाङ्मय, नाट्यसंगीत अथवा बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणूस असे भारदस्त विषय अपेक्षित असतात. त्या विषयांवर अधिकाराने बोलणारी पुष्कळ मंडळी या सभागृहातच बसली आहेत. आमचा तो अधिकार नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरीत गावोगाव बदल्या होत राहिल्या आणि त्या ओघात आमच्या दारी चार जुन्या मोटारी येऊन गेल्या. एखादीने सुख दिले, एखादीने शहाणपण दिले. शहाणपण देणारी अर्थातच महाग पडली. तेव्हा बेताच्या पैशांत अशी जुनी मोटार कशी निवडावी की जी रोज कचेरीला नेईल आणि सुटीत दूरच्या प्रवासाचा आनंदही देईल, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

आपले मंडळ सुरू झाले त्या काळाची आठवण ज्येष्ठांना असेलच. त्या वेळी मोटारी बनत त्या मुख्यत्वे तीन घरांत. हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसडर, सोलापूरच्या मातीतून आलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट, आणि मद्रासची स्टँडर्ड. नवी मोटार मागितली की वर्षानुवर्षे नंबर लागत नसे. साहजिकच जुन्या मोटारीचाही तोरा मोठा असे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि हे चित्र पालटू लागले. आज परिस्थिती अगदी उलट आहे. जुन्या मोटारींचा सुकाळ झाला आहे आणि पंचाईत झाली आहे ती निवडीची.

आमचे पहिले सांगणे असे, की मोटार पाहण्याआधी आपला रस्ता पाहावा. भिलाईकराचे रस्ते ठरलेले आहेत. टाउनशिपमधील सेक्टरांतून कारखान्याच्या गेटापर्यंत अथवा सिव्हिक सेंटरपर्यंत जाणे हा एक रस्ता, जी. ई. रोडने दुर्ग अथवा रायपूर गाठणे हा दुसरा. तिसरा रस्ता सुटीचा. राजनांदगाववरून डोंगरगडच्या बमलेश्वरीला जावे. किंवा त्याच महामार्गाने बाघनदीची सीमा ओलांडून देवरी, साकोली, भंडारा करीत नागपूर गाठावे. हे अंतर अडीचशे किलोमीटरांहून थोडे अधिक आहे, आणि लग्नसराईत आपल्यापैकी किती जणांना ते कितीदा कापावे लागते हे सांगायला नको. ज्यांना हौस आहे त्यांनी धमतरी, कांकेर मागे टाकून केशकालचा घाट चढावा आणि जगदलपूरला जाऊन इंद्रावतीचा चित्रकोट धबधबा पाहावा.

आता रोज रायपूरला जाणाऱ्याचा हिशेब करू. जाऊन-येऊन ६० किलोमीटर धरले तर २५ दिवसांचे १,५०० किलोमीटर होतात. लिटरला १५ किलोमीटर जाणारी मोटार १०० लिटर पेट्रोल पिईल. २० किलोमीटर जाणारी ७५ लिटरवर भागवील. म्हणजे महिन्याला २५ लिटरांचा फरक. भपक्याच्या मोठ्या जुन्या मोटारी स्वस्तात मिळतात त्या याच कारणाने. घेणे परवडते, पोसणे परवडत नाही. हत्ती दारात झुलावा असे सर्वांनाच वाटते, परंतु माहुताचा पगारही आधी पाहावा लागतो.

कुणी म्हणेल, मग आनंद कसला राहिला? आमचा अनुभव असा, की मोटार चालवण्याचा आनंद तिच्या आकारावर अवलंबून नसतो. मोटार वजनाने हलकी असावी, स्टिअरिंगला चटकन प्रतिसाद देणारी असावी, गिअर सहज पडावेत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाने कुरकुर न करता ओढावे. एवढे असले की केशकालच्या वळणांवर बाराशे सी.सी.ची लहान मोटारही मनसोक्त सुख देते. २००५ साली आपल्याकडे आलेली मारुतीची स्विफ्ट, तिच्यामागून २००७ साली आलेली ह्युंदाईची आय-टेन, २०१६ साली आलेली टाटांची टियागो ही या जातीची उदाहरणे आहेत. चाकणला तयार झालेली फोक्सवॅगनची पोलो अथवा फोर्डची फिगो रस्त्याला अधिक घट्ट धरून चालते हे आम्ही मान्य करतो. परंतु फोर्डने २०२१ साली भारतातील मोटारींचे उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले, आणि पोलोचे उत्पादन येथे २०२२ साली बंद झाले. अशी मोटार घ्यायची झाल्यास आधी सुपेल्यातल्या आपल्या मिस्त्रीला विचारावे, की बाबा रे, हिचे सुटे भाग किती दिवसांत आणून देशील? त्याने लगेच दिवस सांगितले तर पुढे जावे. तो आभाळाकडे पाहू लागला तर आपणही दुसरी मोटार पाहावी.

यानंतर प्रश्न येतो मोटारीच्या वयाचा. विमा कंपन्या मोटारीचे मूल्य ठरवताना जी घट धरीत आल्या आहेत ती मोठी बोलकी आहे. पहिले वर्ष संपेतो १५ टक्के, दुसऱ्याअखेर २०, तिसऱ्याअखेर ३०, चौथ्याअखेर ४० आणि पाचव्याअखेर ५० टक्के. म्हणजे पहिल्या धन्याने पाच वर्षांत निम्मे मूल्य झिजवलेले असते आणि यंत्राचे आयुष्य मात्र पुष्कळ उरलेले असते. म्हणून पाच ते सात वर्षांची मोटार आम्हांला सर्वांत फायद्याची वाटते. मात्र या वयासोबत एक गोष्ट अवश्य पाहावी. जुलै २०१९ पासून चालकापुढील एअरबॅग सक्तीची झाली, आणि ब्रेक लावताना चाके जखडू न देणारी ए. बी. एस. यंत्रणाही त्याच वर्षी आली. त्याआधीच्या स्वस्त मोटारींत या दोन्ही वस्तू नसण्याचा संभव आहे. कुटुंबाला घेऊन महामार्गाला लागायचे, तर चार पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

इंधनाविषयीही एक शब्द. आता पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. एप्रिल २०२३ पासूनच्या मोटारींचे भाग ते सोसतील असे बनवलेले आहेत. त्यापूर्वीची मोटार घेतल्यास इंधनाच्या रबरी नळ्या मिस्त्रीकडून तपासून घ्याव्यात आणि लिटरमागे थोडे कमी अंतर मिळेल हे गृहीत धरावे.

मोटार पाहायला जावे ते सकाळी, आणि मालकाला आधीच बजावून ठेवावे की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गरम इंजिन आपले दोष लपवते. थंड इंजिन खरे बोलते. सुरू झाल्यावर धुराकडे पाहावे. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जळते आहे. काळा आला तर पेट्रोल प्रमाणाबाहेर जाते आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल तर थंड करणारे पाणी आत शिरते आहे. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील टायर. मोटार फार फिरलेली नाही असे मालक सांगत असेल आणि चारही टायर चार वेगवेगळ्या सालांचे असतील, तर आकड्यांवर विश्वास ठेवावा. सतरंजी उचलून खाली गंज अथवा चिखलाचा थर आहे का पाहावे. पुरात बुडालेली मोटार तेथे पकडली जाते. मे महिन्यात भिलाईचा उन्हाळा कसा असतो हे आपण जाणता. म्हणून वातानुकूलन दुपारी उन्हात उभे राहूनच पाहावे.

आपल्या टाउनशिपमध्ये निवृत्त होऊन गावी परतणारी मंडळी मोटारी विकतात. मालक ओळखीचा असतो, मोटार जपून वापरलेली असते. ही मोठीच सोय आहे. तथापि क्वार्टर ते कारखाना एवढेच चाललेल्या मोटारीचे इंजिन कधी पुरते तापलेलेच नसते. तिची बॅटरी व ऑइल लवकर खराब होतात. म्हणून फिरलेले किलोमीटर कमी दिसले तरी हुरळून जाऊ नये. दुर्गच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास चालवूनच पारख करावी. दुसरीकडे, दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल मोटारींवर न्यायालयीन निर्बंध आल्यापासून तिकडील मोटारी इतर राज्यांत विकायला येऊ लागल्या. त्या चकचकीत दिसतात, स्वस्तही असतात. पण तेथील कार्यालयाचे ना-हरकत पत्र हाती आल्याखेरीज पैसे देऊ नयेत. नागपूरहून आणलेल्या एम. एच. क्रमांकाच्या मोटारीलाही हाच न्याय लागू आहे. बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ती येथे ठेवायची तर छत्तीसगडचा क्रमांक घ्यावा लागतो आणि येथील कर भरावा लागतो. तो खर्च आधीच किमतीत धरावा. शिवाय ठरवलेल्या रकमेपैकी निदान सहावा हिस्सा हाती राखावा. टायर, बॅटरी आणि सर्व्हिसिंग पहिल्या तीन महिन्यांत तो मागणारच.

मंडळी, येथवर यंत्राची गोष्ट झाली. आता कागदांची गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना आम्हांला थोडे ओशाळे वाटते.

२०१४ साली आम्ही आमची एक मोटार परिचयातील एका गृहस्थांना विकली. माणूस सज्जन, रक्कम रोख. २९ आणि ३० क्रमांकाच्या अर्जांवर आम्ही तारीख न घालता सह्या करून दिल्या आणि ‘सवडीने नाव बदलून घ्या’ असे सांगून निर्धास्त झालो. आमच्या सौभाग्यवतीने विचारलेही होते, की नाव बदलल्याचा कागद कधी येणार? आम्ही ‘येईल, येईल’ म्हणालो. कचेरीत दुसऱ्यांच्या कागदांतील एक स्वल्पविराम चुकला तरी परत पाठवणारे आम्ही, स्वतःच्या कागदाविषयी इतके उदार झालो.

सवा वर्षाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. पहाटे रात्रपाळीहून सायकलने घरी परतणाऱ्या एका कामगाराला त्या मोटारीने धडक दिली होती. त्याचा पाय मोडला होता. विमा दोन महिन्यांपूर्वीच संपला होता आणि नोंदणी पुस्तकात मालक म्हणून नाव होते आमचे. आम्ही मोटार विकली आहे, तिच्याशी आमचा काही संबंध नाही, असे आम्ही परोपरीने सांगितले. परंतु निकाल आमच्या विरुद्ध गेला. पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले, की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. अपघातग्रस्ताने एकामागून एक झालेल्या खरेदीदारांचा माग काढीत फिरावे, ही अपेक्षा कायदा करीत नाही.

पैसे भरताना आमच्या मनात राग होता, हे आम्ही कबूल करतो. पण तारखेच्या दिवशी तो कामगार काठी टेकीत न्यायालयाच्या पायऱ्या चढत होता, सोबत त्याची शाळकरी मुलगी होती. त्या मुलीने आमच्याकडे पाहिले आणि आमचा राग तेथेच ओसरला. विमा असता, नाव वेळेवर बदललेले असते, तर त्या माणसाला भरपाईसाठी तीन वर्षे खेटे घालावे लागले नसते. आमच्या ‘येईल, येईल’ची किंमत आमच्याआधी त्याने मोजली होती.

म्हणून आमची हात जोडून विनंती आहे. विकणाऱ्याने १४ दिवसांत, मोटारीची नोंदणी परराज्यातील असल्यास ४५ दिवसांत, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे, असे कायदा सांगतो. घेणाऱ्याने विमाही १४ दिवसांत आपल्या नावे करून घ्यावा. जुन्या मालकाची ‘नो क्लेम’ सवलत त्याच्याबरोबर जाते, मोटारीबरोबर येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मोटारीवर कर्ज असल्यास ते फिटल्याची नोंद ३५ क्रमांकाच्या अर्जाने झाली आहे का, दंडाची चलने थकली आहेत का, हे सारे परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. चासीवरील क्रमांक आणि पुस्तकातील क्रमांक स्वतः डोळ्यांनी ताडून पाहावा. आणि नाव बदलल्याचा कागद पाहिल्याशिवाय, मग समोर सख्खा भाऊ का असेना, व्यवहार पुरा झाला असे मानू नये.

त्यानंतर आम्ही जी मोटार घेतली ती लहान, पांढरी, सहा वर्षांची होती. किल्ली हाती घेण्याआधी आम्ही विकणाऱ्या वयोवृद्ध गृहस्थांना बरोबर घेऊन परिवहन कार्यालयात गेलो. ते थोडे रागावले. आम्ही त्यांना ही सारी हकीकत सांगितली. मग तेच आम्हांला म्हणाले, ‘साहेब, चला, विम्याच्या कचेरीतही आजच जाऊन येऊ.’ त्या मोटारीने आम्ही पुढे जगदलपूरला गेलो, नागपूरला कितीदा गेलो याची गणती नाही. पहाटे निघताना अजूनही टाउनशिपच्या चौकात पाळीवरून सुटलेल्या सायकलींची रांग भेटते. तेथे आम्ही मोटार अगदी हळू करतो आणि शेवटची सायकल पुढे गेल्यावरच दुसरा गिअर टाकतो.