गोंदियात बसून बायोफिजिक्स? हो, जमतं!

आजचा विषय : बी.एस्सी. करता करताच बायोफिजिक्समध्ये संशोधन. "आमच्या सालेकसा-देवरीत कुठलं आलं बायोफिजिक्स?" असंच म्हणाल नं? पण सिकलसेल तर माहीत आहे! आपल्याकडे कुणाच्या तरी घरात, नात्यात तो असतोच.

आता बघा, हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बदल एवढाच. पण व्हॅलिन पाण्यापासून दूर पळतं. ऑक्सिजन सुटला की ते शेजारच्या रेणूच्या खोबणीत जाऊन बसतं. असे रेणू जोडत जोडत दोर तयार होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकडी, कडक होते. बारीक रक्तवाहिनीत ती अडकली की वेदना सुरू. हेच बायोफिजिक्स! हे हिमोग्लोबिन विद्युत क्षेत्रात वेगळं सरकतं, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. आजही तपासणीत ही पद्धत वापरतात.

मग सुरुवात कुठून?

पहिलं, फोनवर 'प्रोटीन डेटा बँक' उघडा. फुकट आहे. इंग्रजीत 'दोन-एच-बी-एस' हा कोड टाका. सिकल हिमोग्लोबिनचे दोन रेणू एकमेकांना कुठे चिकटलेत, ते बोटाने फिरवून बघा.

दुसरं, देशातल्या तीन विज्ञान अकादमींची समर रिसर्च फेलोशिप. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काम, विद्यावेतन आणि रेल्वेभाड्याची मदत. अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी, साधारण दिवाळीच्या सुमारास निघतात. परीक्षा संपल्यावर शोधाल तर गाडी गेलेली असेल! सोबत शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं, म्हणून सरांशी, मॅडमशी आतापासून बोला. अर्जात "मला विज्ञानाची आवड आहे" एवढंच लिहू नका. तुमचा प्रश्न लिहा.

तिसरं, मुंबईच्या टीआयएफआरचा उन्हाळी कार्यक्रम बघा. जबलपूरला आयसीएमआरची आदिवासी आरोग्य संशोधन संस्था आहे, तिथे सिकलसेलवर काम चालतं. गोंदियाहून थेट रेल्वे आहे. ईमेल करून विचारायला काय जातं?

एक मात्र पक्कं : प्रोजेक्टसाठी गावात स्वतःच रक्त गोळा करत फिरू नका. त्याला नैतिक समितीची परवानगी लागते.

आणि घरचे विचारतील, "दोन महिने जाऊन मिळणार काय?" सांगा, "ज्या दुखण्याला आपण नशीब म्हणतो, त्याचं कारण शिकून येतो."

भेटू पुढच्या भागात!