अन्न टिकवू या, आरोग्य राखू या

(रेणापूर, जि. लातूर येथे महिलांसाठी भरविण्यात आलेल्या घरगुती पाकशास्त्र, अन्नटिकवण व अन्नसुरक्षा वर्गाच्या प्रारंभी गृहविज्ञानाच्या एका शिक्षिकेने केलेले भाषण.)



स्वयंपाकाचा वर्ग म्हटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "आमच्या आई-आजीने कोणत्या वर्गात जाऊन भाकरी थापली?" येथे येताना एका आजींनी मला हाच प्रश्न केला. प्रश्न रास्त आहे. त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही, तर हा वर्ग भरविण्याचे कारण नाही. म्हणून त्याच प्रश्नापासून आरंभ करते.

परंपरेतील शास्त्र

आपल्या भागातील येळवस घ्या. मार्गशीर्षातील अमावास्येला सारे गाव शेतात जेवते. त्या दिवशीच्या भज्जीत तूर, हरभरा, वाटाणा, वाल असे हंगामातील हिरवे दाणे आणि भाज्या एकत्र शिजतात. सोबत ज्वारी-बाजरीचे उंडे असतात. तृणधान्य आणि कडधान्य एकत्र खाल्ले की एकातील प्रथिनांची उणीव दुसरे भरून काढते, हे आहारशास्त्र आज सांगते. आपल्या घरांत ते आचरणात कधीपासूनच होते.

त्याच जेवणातील आंबील पाहा. ज्वारीचे पीठ आणि ताक यांचे हे पेय आंबट असते, आणि त्या आंबटपणात रोग निर्माण करणारे बहुतेक जंतू वाढू शकत नाहीत. उन्हाळ्यात गच्चीवर वाळणारे सांडगे, कुरडया आणि पापड यांमागेही शास्त्र आहे. जंतूंना व बुरशीला पाणी लागते. पदार्थातील पाणी काढून घेतले की त्यांची वाढ थांबते. कैरीच्या लोणच्यात मीठ हेच काम करते. किलोभर फोडींना साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ लागते, आणि वर आलेला तेलाचा थर हवा आत जाऊ देत नाही. मीठ महाग वाटले म्हणून कमी घातले, किंवा फोडी ओल्या राहिल्या, की लोणच्याला बुरशी धरते.

तेव्हा आजींना माझे पहिले उत्तर असे, की आम्ही तुमचे ज्ञान पुसून टाकण्यासाठी आलेलो नाही. त्यामागचे कारण समजावून सांगण्यासाठी आलो आहोत. कारण कळले की परिस्थिती बदलली तरी चूक होत नाही.

परिस्थिती बदलली आहे

आणि परिस्थिती बदलली आहे, हे माझे दुसरे उत्तर. पूर्वी घरचे धान्य घरीच दळले जाई. आज पीठ, तेल, मसाले बाजारातून येतात. पूर्वी घरात शेतीची विषारी औषधे नव्हती. आज ती अनेक घरांत स्वयंपाकघराच्या शेजारच्या कोनाड्यात असतात. पूर्वीही पंगती होत. आज एकेका सप्ताहात, भंडाऱ्यात हजारोंचे जेवण एकाच वेळी रांधले जाते.

याचा परिणाम आपण जवळच पाहिला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे धार्मिक कार्यक्रमातील महाप्रसादानंतर सुमारे दोन हजार लोकांना उलट्या व जुलाब सुरू झाले आणि रुग्णालयांत खाटा अपुऱ्या पडल्या. भक्तिभावाने केलेल्या अन्नाने कोणाचा घात व्हावा, अशी तेथे कोणाचीही इच्छा नव्हती. परंतु जंतूंना भावना कळत नाहीत.

उपवासाच्या दिवसांत आपल्या मराठवाड्यात भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या वरचेवर येतात. रेणापूरला रेणुकादेवीचे स्थान आहे. नवरात्रात येथे घरोघरी उपवास असतात, म्हणून हा विषय येथे विशेष महत्त्वाचा. भगरीला ओल लागली की तिच्यावर सूक्ष्म बुरशी वाढते आणि ती विषारी द्रव्ये निर्माण करते. म्हणून सुटी, जुनी भगर किंवा तिचे तयार पीठ घेऊ नये. पाकीटबंद भगर तारीख पाहून घ्यावी, निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळावी, आणि लागेल तेवढीच दळावी.

बुरशीच्या बाबतीत एक गैरसमज आहे. "बुरशी झटकली, शिजवले, झाले शुद्ध" असे पुष्कळजण मानतात. बुरशीचे विष नेहमीच्या शिजवण्याने जात नाही. १९७४ साली गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या भागांत पावसात भिजून बुरसलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. बुरसलेले शेंगदाणे, मका, ज्वारी हे जनावरांनाही घालू नये.

धान्य साठविताना

आपल्याकडे ज्वारी पेवात ठेवण्याची रीत होती, आणि कोठे कोठे अजूनही पेवे आहेत. बंद पेवात प्राणवायू संपून कोंदट वायू साठतो. पेव उघडल्याबरोबर आत उतरणाऱ्याचा त्यात जीव जातो, आणि त्याला काढायला गेलेलाही परत येत नाही. पेव पुरेसा वेळ उघडे ठेवून, हवा खेळती झाल्याखेरीज कोणीही आत उतरू नये.

धान्य कोठीत भरण्यापूर्वी उन्हात असे वाळवावे की दाणा दाताखाली कडकन फुटला पाहिजे. कोठी भिंतीपासून थोडी दूर, फळीवर ठेवावी. कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा, डाळीला तेलाचा हात लावावा. हे उपाय आपल्याला ठाऊक आहेत आणि ते चांगले आहेत.

मात्र धान्यात घालण्याच्या विषारी गोळ्या घरात वापरू नका. हवेतील ओलाव्याने त्यांतून प्राणघातक वायू सुटतो. ज्या खोलीत मुले झोपतात, तेथे अशा गोळ्या घातलेली पोती ठेवणे म्हणजे मृत्यूला घरात जागा देणे होय. या गोळ्यांचे काम प्रशिक्षित माणसांचे आणि गोदामाचे आहे.

एका डब्याची गोष्ट

शिक्षक बंधूंसाठी एक उदाहरण सांगते. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील गंडामन येथील शाळेत दुपारचे जेवण घेतल्यानंतर २३ मुले मृत्युमुखी पडली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. एका गावाच्या एका पिढीवर केवढा आघात झाला, याची कल्पना करवत नाही.

आपल्या तालुक्यातही तूर आहे, सोयाबीन आहे, फवारणी आहे. औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात तेल, रॉकेल किंवा पाणी भरण्याची सवय आपल्या घरांत नाही, असे छातीवर हात ठेवून किती जण सांगू शकतील? असा डबा कितीही धुतला तरी तो अन्नाच्या कामाचा राहत नाही. तो ठेचून, भोके पाडून निकामी करावा. शाळेत मुलांना वाढण्यापूर्वी मोठ्यांनी चव घेण्याचा जो दंडक आहे, तो नोंदवहीपुरता राहू नये. तेलाला वेगळा वास आला किंवा अन्न कडू लागले, तर ते टाकून देण्याचे धैर्य शिक्षकाने दाखवावे.

पाच गोष्टी

या वर्गात आम्ही पुष्कळ काही शिकविणार आहोत, पण आज पाचच गोष्टी घरी न्या. पहिली, स्वयंपाकापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुवा. हातावर गळू किंवा पिकलेली जखम असलेल्याने अन्नाला हात लावू नये. दुसरी, कच्चे मांस, मासे आणि शिजलेले अन्न यांना एक विळी, एक ताट नको. तिसरी, अन्न पूर्ण शिजवा. चौथी, शिजलेले अन्न दोन तासांच्या आत खा. अन्यथा ते वाफाळत ठेवा किंवा लवकर थंड करा. रात्री रांधलेल्या खिचडीचे मोठे पातेले मधोमध सकाळपर्यंत कोमट राहते आणि तीच जंतूंची आवडती जागा. उरलेला भात तसाच राहिला तर त्यात तयार होणारे विष पुन्हा तापवल्यानेही जात नाही. पाचवी, पाणी स्वच्छ वापरा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली होती. पाणी साठविण्याची पाळी आपल्यावर पुन्हा पुन्हा येते, म्हणून रांजण झाकलेला असावा आणि पाणी घेण्यासाठी लांब दांड्याचे ओगराळे असावे.

भाज्या शिजवून बाटलीत हवाबंद करण्याचा मोह मात्र टाळा. आंबट नसलेल्या पदार्थात, हवा नसलेल्या जागी, एक अतिघातक विष तयार होऊ शकते. ते जंतू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत. भाजी वाळवा किंवा तिचे लोणचे करा.

पंचायतीने काय करावे

असे वर्ग नवे नाहीत. केंद्र सरकारच्या अन्न व पोषण मंडळाच्या विस्तार केंद्रांतून गृहिणींना फळे-भाज्या टिकविण्याचे शिक्षण अनेक वर्षे दिले गेले. १९७२ साली परभणीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथील गृहविज्ञान महाविद्यालय आज सामुदायिक विज्ञान महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढे अंगणवाडी गावोगाव पोहोचली. म्हणजे जागा आहे, माणसे आहेत, ज्ञान आहे. या तिन्हींना एकत्र बसविणारा निमंत्रक हवा, आणि तो पंचायतच होऊ शकते.

माझी विनंती तीन गोष्टींची आहे. पहिली, वर्ग दुपारी, शेतीच्या कामांचा जोर नसताना आणि सर्व वस्त्यांना सोयीच्या ठिकाणी भरवावा. वर्गाला जागा मिळते पण आलेल्या बाईला वेळ मिळत नाही, असे होऊ नये. दुसरी, सामूहिक जेवणाचा मुख्य आचारी बहुधा पुरुष असतो, म्हणून आचाऱ्यांनाही वर्गात आणावे. गावात मोठी पंगत ठरली की पाणी कोठले, धान्य कोणी पाहिले, अन्न केव्हा शिजले, हे विचारणारा एक जबाबदार माणूस पंचायतीने नेमावा. तिसरी, जुलाब सुरू होताच द्यावयाचे पाणी प्रत्येक घराला करता यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. हे प्रमाण शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवा, आणि रुग्ण अत्यवस्थ दिसल्यास वेळ न दवडता आरोग्य केंद्रात न्या.

शेवटी पुन्हा त्या आजींकडे वळते. आजी, तुमच्या हाताला चव आहे आणि अनुभव आहे. या वर्गात तुम्ही विद्यार्थिनी म्हणून या आणि शिक्षिका म्हणूनही या. आंबील कशी लावायची ते तुम्ही सांगा. ती का टिकते ते आम्ही सांगू. दोघींचे मिळून जे ज्ञान तयार होईल, ते तुमच्या नातीच्या ताटापर्यंत पोहोचावे, एवढीच या वर्गाची अपेक्षा आहे.