हिशेबाची सनद आणि मगनवाडी

वर्ध्याच्या मगनवाडींत तेलघाणी व हातकागद यांच्या उद्योगांत रमलेले जे. सी. कुमारप्पा हे लंडनची सनद मिळविलेले हिशेबतपासनीस होते, हें सहसा कुणाच्या ध्यानांत नसतें. पुढें कोलंबिया विद्यापीठांत त्यांनीं राजस्वशास्त्राचा अभ्यास केला, तेव्हां हिंदी दारिद्र्याचें एक मूळ त्यांना सरकारी जमाखर्चांतच आढळलें. १९३४ सालीं बिहारांत भूकंप झाला व मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे आले. खुद्द गांधीजींच्या मंडळींचा जेवणखर्चही निधींतून देण्यास त्यांनीं नकार दिला! सनदेनें सही करण्याचा अधिकार मिळतो. हा नकार कांहीं तिच्या अभ्यासक्रमांत नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि त्याचे चिटणीस म्हणून कुमारप्पा वर्ध्यास आले.