किराणा कुठून भरायचा?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांत पाणी, पार्किंग आणि मेंटेनन्स या तीन विषयांवर आपण भरपूर बोललोय. आज मी चौथा घेते, किराणा. दर महिन्याला घराबाहेर न चुकता जाणारा पैसा हा. तो कुणाच्या हातात जातो, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

आपण इथे राहायला आलो तेव्हा निवड करण्याचा प्रश्नच नव्हता. दुकानदाराकडे यादी द्यायची, सामान घरी यायचं, पैसे पगार झाल्यावर. भाजी आठवडी बाजारातून. आता मोबाईलवर मागवता येतं, नाहीतर गाडी काढून साताऱ्याच्या मोठ्या मार्टमध्ये जाता येतं. जाणाऱ्यांना नावं ठेवायला मी उभी नाही. एका पगारावर दोन पोरांचं कॉलेज चालवणाऱ्या घरात तेलाच्या डब्यामागे चाळीस रुपये वाचले तर ते मोलाचेच असतात. समोरच्याची मिळकत न बघता त्याला तत्त्वं सांगू नयेत.

पण मग हिशेब पुरता करावा. सातारा जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर होतं. चारचाकीचं पेट्रोल पाचशेच्या पुढे, वर पोरांचं खाणं, आणि यादीत नसताना ट्रॉलीत येऊन बसलेली बिस्किटं. शिवाय पाकिटावरची एमआरपी आपण वाचतो, पण आता त्याच पाकिटावर ग्रॅमचा किंवा किलोचा दरही छापावा लागतो, तो वाचत नाही. पाकीट दिसायला किलोचं, आत 900 ग्रॅम. ‘ऑफर’ची गंमत पुष्कळदा या शंभर ग्रॅममध्येच असते. हे गणित सहावीतल्या मुलांनाही येतं, त्यांनाच करायला लावा.

आता दुसरी बाजू. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आपल्या कितीतरी घरांत तूरडाळ आणि साखर कुणी पोचवली, ते इथे बसलेल्या सगळ्यांना आठवत असेल. गावातल्या दुकानदाराने अर्धं शटर उघडं ठेवून, वहीत मांडून माल दिला. ज्यांचे पगार थांबले होते त्यांनाही दिला. ही उधारी फुकट नसते. त्याचं भांडवल तेवढे दिवस आपल्या डब्यांत अडकून पडतं. म्हणून रोखीची मोठी खरेदी मार्टला आणि महिनाअखेरची उधारी दुकानदाराला, ही वाटणी मला पटत नाही. असं चाललं तर तो किती दिवस तग धरेल? आणि तो गेला तर हातावर पोट असलेल्या घरांनी वही कुठे उघडायची? मार्टमध्ये वही नसते.

याचा अर्थ दुकानदाराला सगळं माफ, असाही नाही. काट्यावर वैधमापनवाल्यांचा चालू वर्षाचा शिक्का आहे का, ते बघावं. बिल मागावं. छापील किमतीपेक्षा जास्त घेत असेल तर तोंडावर विचारावं. विचारलं म्हणून संबंध बिघडत नाहीत, मुकाट्याने गिऱ्हाईक तोडलं की बिघडतात.

कांद्याचं तर लोणंदमध्ये वेगळं सांगायला नको. बाजार समितीत गाड्या लागतात, भाव पडला की त्याची झळ आपल्याच नातलगांना बसते. 8 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. शहरातल्या गिऱ्हाइकाला हायसं वाटलं, इकडे शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्या सोसायटीत दोन्हीकडची माणसं एकाच जिन्याने वर जातात. तेव्हा ज्याची शेती आहे अशा ओळखीच्या माणसाकडून वर्षाचा कांदा थेट घ्यावा, आणि त्या दिवशीच्या बाजारभावाहून चार पैसे जास्त द्यावेत. दुकानातल्या दरापेक्षा तो बहुतेक वेळा स्वस्तच पडतो. मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करणारे आपण मार्टमध्ये बिल न वाचता कार्ड पुढे करतो, हे मला नेहमी विचित्र वाटतं.

एकत्र खरेदी ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. 1844 साली इंग्लंडमध्ये रॉचडेल इथल्या 28 कामगारांनी पै-पै जमवून स्वतःचं दुकान काढलं. पीठ, लोणी, साखर असा थोडाच माल, पण भेसळ नाही आणि माप पुरं. आपल्याकडे 1975 पासून मुंबई ग्राहक पंचायत हेच काम दुकान न काढता करते आहे. शेजारच्या घरांचा एक संघ करायचा, महिन्याची मागणी लिहून द्यायची, माल एकगठ्ठा येतो आणि सभासदच तो मोजून वाटून घेतात. यात मोठा वाटा बायकांचा आहे, हे मुद्दाम सांगते. जाहिरात नाही, काचेचं दुकान नाही, म्हणून दरही आवाक्यात.

आपली सोसायटी तर नावातच सहकारी आहे. पण सगळा किराणा एकत्र आणू म्हटलं तर महिन्याभरात भांडणं होतील, मी ओळखते आपल्याला! सुरुवात वर्षाच्या धान्यापासून करू. दहा घरांनी पन्नास-पन्नास किलो गहू घेतला तरी पाच क्विंटल होतो, आणि पाच क्विंटलचं गिऱ्हाईक भाव विचारू शकतं. किलोमागे तीन रुपये सुटले तर घरटी दीडशे वाचतात. रक्कम मोठी नाही, पण डोळ्यांसमोर मोजून घेतलेला गहू मिळतो. बाकी डाळ, साखर, चहा गावातल्याच दुकानातून, आणि जमेल तेवढं रोखीने. ज्यांना एकदम पैसे भरणं जड जाईल त्यांनी दोन हप्त्यांत द्यावेत. त्यांची नावं फक्त वही ठेवणारीलाच माहीत असतील.

वही चहाच्या टेबलावर ठेवली आहे. फ्लॅट नंबर आणि किती किलो, एवढंच लिहा. लोकवन की शरबती हा वाद आधीच सुरू झालाय, म्हणून दोन रकाने आखलेत. खपलीवाल्यांनी तिसरा स्वतः आखून घ्यावा.