गळ्यांतील ग्रंथीचा माग

यवतमाळ, पुसद किंवा वणीकडील एखाद्या बाईच्या गळ्याशीं गांठ येते, ती थायरॉइड ग्रंथीच्या कर्करोगाची ठरते, शस्त्रक्रियेनें ग्रंथि काढली जाते आणि घरचीं माणसें निःश्वास टाकतात. इतक्यांत डॉक्टर सांगतात कीं, नागपूर किंवा मुंबईस जाऊन सर्व शरीराचें चित्र घ्यावयास हवें. गांठ तर निघाली. मग चित्र कशाचें? हा प्रश्न रास्तच आहे.

थायरॉइड ग्रंथि आयोडीनची मोठी लोभी. रक्तांतील आयोडीन ती वेचून घेते. तिच्या कर्करोगाच्या पेशी फुप्फुसांत किंवा हाडांत जाऊन बसल्या, तरी त्यांतील पुष्कळशा हा कुलधर्म सोडीत नाहींत. न्यूयॉर्कच्या डॉ. सीडलिन यांच्या एका रोग्याची ग्रंथि अनेक वर्षांपूर्वींच काढलेली होती. तरीहि ग्रंथि अति काम करीत असल्याचीं सर्व लक्षणें त्याच्या ठायीं दिसत. त्याला किरणोत्सर्गी आयोडीन दिलें, तों गायगर-यंत्रानें दूरच्या गांठींचा पत्ता दिला! १९४६ सालीं ही हकीकत प्रसिद्ध झाली.

आपल्याकडे तुर्भ्याची 'अप्सरा' अणुभट्टी १९५६ सालीं सुरू झाली आणि १९६३ मध्यें परळ येथें रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झालें. चांचणीची रीत सोपी आहे. आयोडीन-१३१ चा अल्प अंश पोटांत देतात; दोन-तीन दिवसांनीं गॅमा कॅमेरा त्याचे किरण टिपतो. जठर, लाळेच्या ग्रंथि व मूत्राशय येथेंहि काळिमा उमटतो. तो पाहून घाबरण्याचें कारण नाहीं.

खरी परीक्षा पूर्वतयारीची. पेशी आयोडीनला भुकेल्या राहाव्या म्हणून सुमारें दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ व समुद्रांतील मासे वर्ज्य करावे लागतात. भाकरी-वरण चालतें, पण मीठ साधें. पुष्कळदां थायरॉइडच्या गोळ्याहि तीन-चार आठवडे बंद ठेवतात. तेवढ्या काळांत बाई सुस्तावते, तिला थंडी वाजते, कामाचा उरक राहात नाहीं. अशा वेळीं सासरच्या मंडळींनीं तिला आळशी म्हणणें हा शुद्ध अन्याय होय. गर्भवतीस ही चांचणी करीत नाहींत. नुकतेंच आयोडीनयुक्त औषध टोंचून सी.टी. केलें असल्यास तेंहि आधीं सांगावें, नाहींतर चित्र फसतें.

चित्र कोरें आलें म्हणजे रोग निखालस गेला, असेंहि नव्हे. कांहीं पेशी आयोडीन घेणें सोडून देतात. त्यांचा सुगावा रक्तांतील थायरोग्लोबुलिन देतें, आणि मग साखरेसारख्या द्रव्याची पेट तपासणी उपयोगी पडते. तिचीहि सोय परळास २००२ सालीं झाली.

डाग दिसलेच, तर ज्या आयोडीननें ते दाखविले तेंच मोठ्या मात्रेंत औषध म्हणून देतात. मग कांहीं दिवस रोग्याला निराळ्या खोलींत ठेवतात. आणि घरीं परतल्यावरहि, डॉक्टर सांगतील तितके दिवस, आजीनें नातवाला मांडीवर घ्यावयाचें नसतें.