नावे आपली, घर त्यांचे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कोलकाता येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळातील आम्ही बाराजण थायलंडची सहल करून आलो, त्या सहलीविषयी मी बोलावे अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. आज्ञेबरोबर त्यांनी एक अटही घातली. काय काय पाहिले याची जंत्री वाचू नये, पाहून पदरात काय पडले ते सांगावे. अट रास्त आहे. थायलंड आता कोणाला अपूर्वाईचे राहिलेले नाही. २०२४ या एका वर्षात साडेतीन कोटींच्या आसपास परदेशी पाहुणे तेथे गेले आणि त्यांत वीस लाखांहून अधिक आपले भारतीय होते. कोलकात्याहून तर बँकॉक विमानमार्गाने सुमारे सोळाशे किलोमीटर. आपली मुंबईही येथून जवळजवळ तितकीच दूर आहे. तेव्हा कोण्या दुर्गम देशाचा शोध लावून आल्याचा आव मी आणणार नाही.

आमच्याबरोबर सर्वकाळ एक थाई मार्गदर्शक होते. साठीच्या घरातले, मितभाषी, आयुष्याचा बराच भाग शाळेत इतिहास शिकविण्यात घालविलेले. पन्नास माणसांच्या सहलीत मार्गदर्शकाचा निम्मा वेळ माणसे मोजण्यात जातो, आणि प्रवासी पुढच्याच्या डोक्यावरून जे दिसेल ते पाहतात. बाराजणांत तसे होत नाही. पहिला प्रश्न कोणीही विचारतो आणि त्याचे उत्तर छापील पुस्तिकेतही मिळते. पण ते उत्तर ऐकून मनात जो दुसरा प्रश्न उठतो, तो विचारायला सवड मिळते ती लहान मेळ्यातच. आमच्या पदरात जे पडले ते या दुसऱ्या प्रश्नांमुळे.

भारतीय माणूस बँकॉकला उतरला की पहिले दोन दिवस हर्षात जातात. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी आणि आत समुद्रमंथनाचे भव्य शिल्प. नदीकाठच्या मंदिराचे नाव अरुणाचे. शहराचे संपूर्ण थाई नाव उच्चारायला दमसास लागतो, पण त्यात महानगर, नवरत्न, राजधानी, विश्वकर्मा हे सगळे ओळखीचे शब्द थाई उच्चारांच्या पदराआडून डोकावतात. १७८२ पासून राज्य करीत असलेल्या राजघराण्यातील राजांना राम पहिला, राम दुसरा असे क्रमांकाने ओळखतात. सध्याचे राजे दहावे राम होत. आमच्या मंडळींच्या तोंडी एकच वाक्य होते, "अहो, हे तर सारे आपलेच!" मार्गदर्शक गृहस्थ हे वाक्य हसून ऐकून घेत. त्या हसण्याचा अर्थ आम्हांला हळूहळू कळत गेला.

राजवाड्याच्या आवारातील पाचूच्या बुद्धाच्या मंदिराभोवती लांबलचक ओवऱ्या आहेत आणि त्यांच्या भिंतींवर रामकथेची १७८ चित्रे रंगविलेली आहेत. ही कथा म्हणजे त्यांचे 'रामकियन'. तिचे आजचे प्रमुख रूप पहिल्या रामाच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाले. त्यात रावण हा थोत्सकन म्हणजे दशकंठ आहे आणि सीता ही त्याचीच टाकून दिलेली मुलगी आहे. सेतूचे दगड पळविणाऱ्या मासोळ्यांची राणी सुवर्णमत्स्या हीही रावणाचीच कन्या. तिला अडवायला गेलेला हनुमान तिच्या प्रेमात पडतो आणि त्यांना मच्छानू नावाचा पुत्र होतो. हे ऐकताच आमच्यातील एका वयोवृद्ध बाईंना राहवेना. त्यांच्या माहेरच्या गावात वेशीवर मारुतीचे देऊळ. शनिवारी तेल वाहिल्यावाचून घरात पान वाढले जात नसे. ब्रह्मचारी मारुतीला संसारी केलेला पाहून त्यांनी आपली नाराजी स्पष्ट बोलून दाखविली. मार्गदर्शकांनी नम्रपणे सांगितले, की त्यांच्याकडच्या मुलांना हनुमान शूर म्हणून जितका आवडतो, तितकाच तो खोडकर आणि रसिक आहे म्हणून आवडतो. मग आमच्यापैकीच कोणाला तरी अहिरावण-महिरावणाच्या कथेतील मकरध्वज आठवला, आणि मारुतीला पुत्र आहे ही गोष्ट आपल्याकडेही निराळ्या मार्गाने सांगतातच, हे बाईंनी मान्य केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओवऱ्यांत जायचे का, असे त्यांनीच विचारले.

कथा आपल्याकडून गेली असेल. पण शतकानुशतके तेथील राजांनी ती रचली, नटांनी मुखवटे चढवून नाचली, आजींनी नातवंडांना सांगितली. आज ती त्यांची आहे. लेक सासरी नांदली की तिला माहेरच्या मापाने मोजू नये, असे जे आपण म्हणतो, तेच येथेही लागू पडते.

बँकॉकच्या उत्तरेस सुमारे ऐंशी किलोमीटरवर अयुथया आहे. नाव अयोध्येवरून ठेवलेले. चौदाव्या शतकाच्या मध्यास वसलेली ही नगरी चारशेहून अधिक वर्षे सयामची राजधानी होती. तीन नद्यांच्या वेढ्यात वसलेल्या या शहरी चिनी, जपानी, इराणी, पोर्तुगीज, डच असे नाना देशींचे व्यापारी नांदत. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने ती जिंकली आणि जाळली. आज विटांचे उंच स्तूप उभे आहेत आणि त्यांच्या सावलीत मस्तके नसलेल्या बुद्धमूर्तींच्या रांगा बसलेल्या आहेत. काही मस्तके त्या विध्वंसात गेली, काही पुढे चोरांनी तोडून बाजारात विकली. महाथात मंदिरात एक मस्तक झाडाच्या मुळांनी वेढलेले आहे. त्याच्याजवळ छायाचित्र घ्यायचे तर खाली बसावे लागते, कारण बुद्धाच्या मस्तकापेक्षा आपले मस्तक उंच असू नये. आमचे बाराही जण गवतावर बसले. मूर्ती भंगली तरी मान भंगत नाही, हे त्या बसण्यातून जितके समजले तितके व्याख्यानातून समजले नसते.

तेथेच आम्ही विचारले, की ब्रह्मदेशाबद्दल आज लोकांना काय वाटते? ते म्हणाले, शाळेत हा धडा शिकविताना वर्गात नेहमी शांतता पसरे. पण आज त्याच देशातून पोटासाठी आलेली माणसे शेजारी राहतात, त्यांना त्या धड्याचा जाब कोण विचारणार? बंधुभगिनींनो, हे ऐकताना मला आपले कोलकाता आठवले. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने याच शहराभोवती १७४२ साली खंदक खणण्यास प्रारंभ झाला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकातील पराक्रमाचे पान बंगालच्या अंगाईत भीतीचे पान झालेले आहे. आणि तरीही या शहराने आपल्याला घर दिले, गणपतीला मांडव घालू दिला, पन्नास वर्षे नांदविले. यजमानाच्या स्मृतीत आपले रूप आपल्या स्मृतीतल्यासारखेच असेल असे पाहुण्याने धरून चालू नये, हे आपल्याइतके कोणाला कळावे?

तेथून रात्रीच्या गाडीने आम्ही उत्तरेस चियांग माईला गेलो. हे नगर राजा मंगराय याने १२९६ साली वसविले. पहाटे भिक्षू अनवाणी भिक्षेला निघतात. या भिक्षेला थाई भाषेत 'बिंथबात' म्हणतात; मूळ शब्द पालीतील 'पिंडपात'. देणाराही पादत्राणे काढून, वाकून देतो. भिक्षू आभार मानीत नाही, कारण पुण्य जोडण्याची संधी देणाऱ्याला मिळालेली असते. पुढे दोई इंथनोन हे देशातील सर्वांत उंच शिखर, २५६५ मीटर, आम्ही पाहिले. थंड धुके, शेवाळाने मढलेली झाडे, उतारावर भातखाचरांच्या पायऱ्या. आमच्या पंडितांनी लगेच त्याला इंद्राचा पर्वत ठरविले. प्रत्यक्षात ते नाव चियांग माईच्या इंथविचयनोन या राजाचे आहे, आणि त्याच्या अस्थी शिखरावरील लहानशा स्तूपात विसावल्या आहेत. नाव ओळखीचे वाटले की आपली जिज्ञासा तेथेच थांबते, हा धोका त्या दिवशी सर्वांच्या ध्यानात आला.

अखेरचे दोन दिवस कांचनबुरीचे होते. नाव सोन्याचे, भूमी हिरवीगार, चुनखडीचे डोंगर आणि संथ नदी. या नदीवरच्या पुलाचा चित्रपट १९५७ साली जगभर गाजला. त्याचे चित्रण सिलोनमध्ये झाले होते, आणि पूल ज्या प्रवाहावर होता त्याचे नाव निराळे होते. पुढे पाहुणे चित्रपटातली नदी शोधीत येऊ लागले, म्हणून १९६०च्या दशकात नदीलाच ते नाव देण्यात आले. येथवर आम्ही हसलो. मग दफनभूमीत गेलो.

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने सयाम आणि ब्रह्मदेश यांना जोडणारा ४१५ किलोमीटरांचा लोहमार्ग ऑक्टोबर १९४२ ते ऑक्टोबर १९४३ या अवघ्या वर्षभरात पुरा केला. त्यावर साठ हजारांहून अधिक युद्धकैदी राबविले गेले. त्यांपैकी बारा हजारांहून अधिक मेले. कांचनबुरीच्या दफनभूमीत सुमारे सात हजारांच्या कबरी आहेत. हिरवळीवर ओळीने मांडलेल्या, बहुतेकांवर नाव, पलटण आणि वय कोरलेले. कोणी बावीस वर्षांचा, कोणी चोवीस.

आमच्यातील एकाने तेव्हा तो दुसरा प्रश्न विचारला: एवढे काम साठ हजारांनीच केले काय? मार्गदर्शक काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, हे मला फार थोडे भारतीय विचारतात. कैद्यांखेरीज दोन लाखांच्या आसपास आशियाई मजूर तेथे आणले गेले होते. ब्रह्मी, जावानीज, मलायी. आणि मलायातील रबराच्या मळ्यांवरचे तमिळ, फार मोठ्या संख्येने. पटकीने, हिवतापाने, उपासमारीने त्यांतले किती मेले याची नीट नोंद कोणी ठेवली नाही. अंदाज नव्वद हजारांपर्यंत जातात. त्यांच्या वाट्याला नावे कोरलेल्या कबरींची अशी हिरवळ आली नाही. सैनिकांच्या याद्या होत्या. मजुरांच्या मरणाची यादी ठेवावी असे कोणाला वाटले नाही.

त्या संध्याकाळी कोणी फारसे बोलले नाही. बँकॉकपासून आम्ही दिसेल त्या नावाला आपले म्हणत आलो होतो. आणि जे खरोखर आपले होते, आपल्या मातीतून पोटासाठी परदेशी गेलेले, त्यांच्यासाठी आमच्या कार्यक्रमपत्रिकेत पाव तासही राखलेला नव्हता. मारुतीची कथा ऐकून रुसलेल्या त्या बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून झेंडूची फुले आणली. वाहायची कोठे हा प्रश्न होता. शेवटी आम्ही रुळांच्या कडेला, जेथून आजही गाडी जाते तेथे, ती ठेवली. मार्गदर्शकांनीही हात जोडले.

मंडळाची पुढची सहल निघेल तेव्हा माझी नम्र सूचना आहे. माणसे बारा-चौदांहून अधिक नसावीत. समुद्रकिनारे जरूर पाहावेत. पण फी फी बेटावरील माया उपसागर गर्दीने प्रवाळ मेल्यामुळे २०१८ पासून साडेतीन वर्षे बंद ठेवावा लागला होता, हे ध्यानात ठेवून जावे. जेथे आपले नाव दिसेल तेथे ते आता कोणाचे आहे हे आधी विचारावे. आणि कांचनबुरीला एक संपूर्ण दिवस राखून ठेवावा.