संदेश वाटेत विझतो तेव्हा



गुलेन बॅरे सिंड्रोम अर्थात जीबीएसच्या रुग्णांचे नातेवाईक अतिदक्षता विभागाबाहेर एक प्रश्न हमखास विचारतात : मेंदूला काही झालेले नाही, मग हातपाय का हलत नाहीत? २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात या आजाराचा उद्रेक झाला तेव्हा त्याचे नाव घरोघरी पोचले. या प्रश्नाचे उत्तर मात्र तितके पोचले नाही.

चेतापेशीची आतील बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. बाहेर सोडियम अधिक, आत पोटॅशियम अधिक. हा विषम साठा पेशी अखंड ऊर्जा खर्चून राखते. संदेश निघताना पेशीच्या आवरणातील सोडियमची दारे क्षणभर उघडतात, धनभारित कण आत शिरतात, पाठोपाठ पोटॅशियम बाहेर पडून पूर्वस्थिती येते. सारा व्यवहार एक-दोन सहस्रांश सेकंदाचा. हॉजकिन व हक्स्ले यांनी स्क्विड या समुद्रजीवाच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून १९५२ मध्ये तो गणिताने मांडला. १९६३च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

तारेतील विजेसारखा हा संदेश नुसता वाहत जात नाही. टप्प्याटप्प्यावर तो नव्याने पेटतो, म्हणूनच कमरेपासून अंगठ्यापर्यंत क्षीण होत नाही. तंतूवर मायलिनचे स्निग्ध वेष्टन असेल तर तो वेष्टनातील फटींवरून उड्या घेतो. वेष्टनाविना सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर. हाताच्या स्नायूंकडे जाणाऱ्या नसांत सुमारे ५० मीटर किंवा अधिक.

जीबीएसमध्ये, बहुधा जुलाब वा श्वसनमार्गाच्या संसर्गानंतर, शरीराची प्रतिकारशक्तीच हे वेष्टन कुरतडते. (काही प्रकारांत तंतूलाच इजा होते, तेथे सुधारणा अधिक लांबते.) मेंदू आज्ञा देतच असतो, ती वाटेत विझते. श्वसनाच्या स्नायूंपर्यंत ती पोचेनाशी झाली, की व्हेंटिलेटर लागतो. रुग्णाला मात्र ऐकू येते, समजते. उशाशी बोलताना याचे भान असावे.

इम्युनोग्लोबुलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याची प्रक्रिया हा हल्ला आवरते. वेष्टन पुन्हा गुंडाळण्याचे काम शरीर स्वतःच करते. त्याला आठवडे, कधी महिने लागतात. औषधाचा मोठा आकडा देणगीदाराच्या नजरेत भरतो. परंतु कूस बदलणे, कफ काढणे, सांधे हलते ठेवणे, यांत जाणारे ते लांबलचक दिवसही तितकेच खर्चाचे असतात, आणि त्यांची पावती कोणाच्या ध्यानात राहत नाही.

नातेवाइकांना एवढेच सांगणे : नसांच्या तपासणीचा अहवाल पुष्कळदा रुग्णाच्या मागे असतो. कागदावर वेग सुधारण्याआधी बोट हललेले असू शकते.